ओव्हलच्या भिंतीबाहेर

माधवनगरात रविराज मोटे कुठं राहतो म्हणून विचारलंत तर लोक नुसत्या माना हलवतील. ‘वेस्ट इंडीज’ कुठं राहतो म्हणून विचारा. पानपट्टीवाला अर्धवट लावलेलं पान तसंच ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येईल. बंद पडलेल्या गिरणीच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये रविराजची गलाईची भट्टी आहे. सांगलीचे सराफ मोडीचे दागिने त्याच्याकडं पाठवतात. तो ते मुशीत वितळवतो, तेजाबात घालून हीण काढतो आणि चोख सोनं परत करतो. काम चोख, बोलणं कमी, हा त्याचा लौकिक.

दोन हजार तेवीस सालच्या जुलैत आपला संघ वेस्ट इंडीजला गेला होता. दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर होती. संध्याकाळी सामना सुरू व्हायचा. पानपट्टीवाल्यानं दुकानात टीव्ही लावला आणि पोरांना पाठवून रविराजला बोलावून घेतलं. आपल्यातला एक माणूस त्याच शहरात राहून आलाय म्हटल्यावर त्याच्याशेजारी बसून सामना बघायची मजा वेगळी, असा त्यांचा हिशेब.

“रविराज, ते मागं डोंगर दिसत्यात, ते लांब हायेत का जवळ?”

“जवळच. शहर संपलं की डोंगर.”

“आणि आत बसायला कुठली बाजू बरी?”

“ठावं न्हाई.”

“अरं, चार वर्षं तिथं हुतास न्हवं?”

“भाईर हुतो.”

“भाईर म्हंजे?”

“भिंतीच्या भाईर.”

सगळे हसले. पानपट्टीवाला म्हणाला, “म्हंजे आमच्यासारखंच की. आमी बी भिंतीच्या भाईरच हाय, फक्त जरा लांब.” रविराजही तोंड वाकडं करून हसला, चहा संपवला आणि भट्टी तापलीय असं सांगून उठला. भट्टी त्या दिवशी पेटवलेलीच नव्हती. त्या कसोटीचा शेवटचा दिवस पावसानं वाया गेला. गल्ली दोन दिवस हळहळली. रविराजची भट्टी ते दोन्ही दिवस पेटलेली होती.

मोटेवस्ती आटपाडी तालुक्यातली. आता तिथं डाळिंबाच्या बागा दिसतात, पण रविराजच्या लहानपणी तिथं खडक, बाभळी आणि मेंढरं एवढंच होतं. वडील मेंढरांमागं भीमेच्या काठापर्यंत जात. असेच एका उन्हाळ्यात गेले ते आजारानं तिकडंच वारले. रविराज तेव्हा शाळेत होता. त्याच्या आईनं, तानुबाईनं, मेंढरं विकली आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपं धरलं. तिच्या पाठीशी दीर उभा राहिला. त्याचं नाव धुळा. मुलं त्याला तात्या म्हणत. तात्या तरुणपणीच गलाईच्या धंद्यात पडला होता. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी कुठं कुठं पोचली आहेत ते सांगून खरं वाटत नाही. एखाद्या परक्या गावाच्या सराफ बाजारात जिन्याखालच्या काळ्या खोलीत डोकावलं तर आतला माणूस बहुधा आपल्याकडचाच निघतो. धुळा तात्या आधी केरळात होता. तिथल्या एका सराफाच्या ओळखीनं तो थेट त्रिनिदादला गेला आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तिथल्या एका माणसाशी भागीदारी करून त्यानं भट्टी टाकली. वस्तीवर त्याचा दुमजली बंगला उभा राहिला. बंगल्याला वर्षभर कुलूप असे आणि जत्रेला उघडत.

वस्तीच्या शाळेवर लालासाहेब गुरुजी होते. मूळचे कोयनानगरकडचे, धरणाच्या वसाहतीत वाढलेले. त्यांना क्रिकेटचं वेड होतं. भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा काढला की ते खडूनं एक ठिपका देत आणि म्हणत, “हे पोर्ट ऑफ स्पेन. इथं एक मैदान आहे, शंभर वर्षांहून जुनं. इथंच आपण वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. आणि पाच वर्षांनी इथंच चौथ्या डावात चारशेच्या वर धावा करून पुन्हा हरवलं. त्या रात्री आमच्या वसाहतीत कोणी झोपलं नव्हतं.” पोरांना धरणाची उंची पाठ नव्हती, पण हे पाठ होतं.

रविराजचा हात गुरुजींनीच हेरला. मेंढरं वळवायला लांबून धोंडा मारणारा हात तो. चेंडू त्यातून असा सुटायचा की फलंदाज बॅट उचलेपर्यंत यष्टी पडलेली असायची. कॉलेजात असताना त्याला विट्याचा एक संघ खरा सीझनचा चेंडू देऊन सांगलीच्या मैदानावर घेऊन गेला. तिथंही त्यानं समोरच्या संघाची पळापळ केली. पण सांगलीत राहायचं तर खायचं काय आणि शिकायचं कुणाच्या जिवावर, याला उत्तर नव्हतं. अशा वेळी जत्रेला आलेल्या धुळा तात्यानं पुतण्याच्या पाठीवर थाप टाकली.

“चल माझ्यासंगं. धंदा शीक. हितं रानात फेकून काय मिळणार?”

“तात्या, तुमचं गाव म्हंजे पोर्ट ऑफ स्पेनच न्हवं?”

“व्हय की.”

“मग येतो.”

तानुबाईला वाटलं, पोरगं धंद्याचं नाव काढतंय. पोराच्या डोक्यात गुरुजींचा ठिपका होता.

भट्टीची जागा बघून रविराजला आपलं नशीब उघडलंय असं वाटलं. ओव्हलची भिंत भट्टीपासून हाकेच्या अंतरावर होती. पलीकडं सेंट जेम्सची वस्ती; तिथल्या गल्ल्यांना दिल्ली, मुंबई, लखनौ अशी नावं. शेदीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्या आपल्या लोकांची ती नातवंडं-पणतवंडं. त्यांना हिंदीचा शब्द येत नव्हता, पण लग्नात सोनं घालायची हौस तशीच होती. म्हणून तर तात्याची भट्टी चालत होती. सकाळी रस्त्यावर दोन मऊ पुऱ्यांत हरभऱ्याची उसळ घालून देत. उन्हाळ्यात डोंगरावर बिनपानाची झाडं पिवळ्या फुलांनी भरून जात. रविराजनं पहिल्या महिन्यात हे सगळं बघून घेतलं. एक मैदान तेवढं राहिलं. रोज सकाळी सहाला भट्टी पेटायची, संध्याकाळी ती विझेपर्यंत मैदानाचं दार बंद झालेलं असायचं आणि रविवारी तात्या राखेतलं सोनं धुवायला बसवायचा. “पळून चाललंय का ते मैदान? शंभर वर्षं हाय तिथंच हाय,” असं तात्या म्हणे. ते खरंही होतं.

मग दोन हजार सातचा विश्वचषक आला. आपला संघ त्याच ओव्हलवर खेळणार होता. बांगलादेशच्या सामन्याच्या दिवशी रविराज भट्टीवर होता. तिकीट नव्हतं, तात्यानं सुट्टीही दिली नव्हती. एक म्हातारी बाई आपल्या आईच्या बांगड्या वितळवायला घेऊन आली होती आणि मुशीत सोनं पाणी व्हायला लागलं होतं. गलाईत एक नियम आहे; तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडला तर माणूस धंद्यातून उठतो. गिऱ्हाईक समोर आहे आणि मूस भट्टीत आहे तोवर जागेवरून हलायचं नाही. गिऱ्हाइकाचा डोळा मुशीवर असतो आणि त्याचा विश्वास तुमच्या डोळ्यावर.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गर्जना उठली. पाठोपाठ दुसरी. पत्रा थरथरला. रविराजच्या हातातली सांडशी कधी खाली गेली आणि पाय कधी रस्त्यावर पडले, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो मैदानाच्या दारापर्यंत धावला. दारावरच्या काळ्या पोलिसानं हात आडवा करून तिकीट मागितलं. आतली हिरवळ दोन माणसांच्या खांद्यांमधून बोटभर दिसली. त्यानं कोण बाद झालं ते विचारलं. आपलाच फलंदाज बाद झाला होता.

तो परतला तेव्हा मूस तडकली होती. सोनं राखेत उतरलं होतं. गलाईवाल्याला राखेतून सोनं काढता येतं, ते तात्यानं काढलंही. पण म्हातारी कोपऱ्यात पर्स छातीशी धरून उभी होती आणि तिला वाटत होतं की हा सगळा डाव आहे. तिच्या आईच्या बांगड्या होत्या. आठवड्याभरात सेंट जेम्सच्या निम्म्या गल्ल्यांत ती गोष्ट पोचली.

तात्यानं रविराजवर हात उचलला नाही. त्यानं भट्टीवरच्या फळीवरून डबी काढली. वस्तीच्या माळावर मोट्यांचा बिरोबा आहे. त्याच्या पायावरचा भंडारा, म्हणजे हळदीची पूड, तात्यानं डबीत भरून समुद्रापार नेली होती. डबी उघडून तो म्हणाला, “उचल. मी सोडवत न्हाई तवर त्या मैदानाच्या दारातनं आत पाय टाकणार न्हाई म्हण.”

रविराजनं भंडारा उचलला. तेच शब्द म्हटले.

ज्याच्या घरात हे नाही त्याला वाटेल, डबीभर हळद ती, चार दिवसांनी विसरावी. पण मोटेवस्तीवर भंडारा म्हणजे गंमत नाही. तिथं भांडण कोर्टात जात नाही, बिरोबाच्या पायरीवर जातं. रविराजच्या पणज्यानं एकदा मेंढराच्या वादात खोटा भंडारा उचलला आणि वर्षात त्याचा सगळा कळप रोगानं मेला, ही कथा रविराजनं पाळण्यात ऐकली होती. आणि भंडाऱ्याचा आणखी एक कायदा. ज्यानं घातला त्यानंच तो सोडवायचा, दोघांनी समोरासमोर उभं राहून, ज्या देवाचा भंडारा त्याच्याच पायरीवर.

पुढं आपला संघ त्याच मैदानावर श्रीलंकेकडूनही हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. वस्तीवरून पोरांचे फोन आले, “रवी, तू असून अशी कशी रं मॅच गेली?” तो म्हणाला, “मी हुतो कुठं?” कोणाला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी तेजाबाच्या वाफेनं तात्याची छाती धरली आणि तो भट्टी पुतण्यावर सोडून गावी परतला. रविराज एकटा राहिला. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं. पण तो रोज मैदानाच्या दारावरून जायचा आणि दार आलं की पलीकडच्या फूटपाथवर जायचा.

शहरात सव्हाना नावाचं मोठं मोकळं माळरान आहे. संध्याकाळी तिथं कुणीही खेळतं. सव्हानाची आण नव्हती. तिथं एका संध्याकाळी एका सोनाराच्या मुलानं, रामसरननं, रविराजला चेंडू टाकताना पाहिलं. हा रामसरन भट्टीचं गिऱ्हाईक. पण ओव्हलवर सराव करणाऱ्या एका क्लबाकडूनही खेळायचा. तो दोनदा येऊन नुसता बघत उभा राहिला. तिसऱ्या वेळी सोबत क्लबाचा एक म्हातारा प्रशिक्षक घेऊन आला. म्हाताऱ्यानं रविराजला बारा चेंडू टाकायला लावले आणि म्हणाला की मंगळवारी ओव्हलवर जाळीत ये. बरा निघालास तर मोसमात खेळवतो.

रविराज म्हणाला, मला आत येता येत नाही.

रामसरनला वाटलं, परवान्याची काहीतरी अडचण आहे. रविराजनं मोडक्या इंग्रजीत भंडारा, बिरोबा, तात्या सगळं सांगितलं. रामसरन आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं. त्याच्याही आजीच्या घरात असलं काहीतरी होतं म्हणे. तो म्हणाला, मग सोडवून ये. मोसम जानेवारीत सुरू होतो, तोवर जागा धरून ठेवतो.

रविराजनं त्याच दिवशी तात्याला फोन लावला.

“तात्या, आण सोडवा.”

“फोनवर सुटती व्हय रं भंडाऱ्याची आण? येडा हायेस का?”

“मग काय करू?”

“ये की गावाकडं. जत्रेला ये. पायरीवर उभं राहू, नारळ फोडू, मोकळा हो. मला तरी पोराच्या जिवाला फास लावून ठिवायची हौस हाय व्हय?”

रविराजला भरून आलं. त्यानं आईला फोन केला. जाण्यायेण्याला तीन आठवडे लागतील, तेवढ्यात भट्टी बंद राहील, असं तो म्हणाला. तानुबाई म्हणाली, “ये बाबा. तुझं तोंड तरी दिसंल.”

तो आला. जत्रेआधी दोन दिवस पोचला. तात्या खोकत होता, पण आनंदात होता. पहिल्याच संध्याकाळी पायरीवर जाऊ, असं रविराज म्हणाला. तात्यानं जत्रा होऊ दे म्हटलं. जत्रा झाली. मग तात्या म्हणाला, गजी ढोल वाजलेत, देव दमलाय, अमावास्या होऊ दे. मग तात्याची छाती भरली आणि त्याला आठवडाभर सांगलीत दवाखान्यात ठेवावं लागलं. परतीच्या विमानाची तारीख जवळ आली तशी रविराजची झोप उडाली. त्यानं तारीख एकदा पुढं ढकलली. रामसरनला निरोप दिला की थोडा उशीर होतोय. तात्याचा मुलगा पृथ्वीराज तेवढ्या दिवसांत घरी फारसा दिसला नाही. विचारलं तर मुंबईला कामासाठी गेलाय असं कळायचं.

शेवटी एका सोमवारी तात्या स्वतःच म्हणाला, “चल, आज मोकळं करतो तुला.”

दोघं माळावर गेले. तात्याला चढ चढवेना म्हणून रविराजनं त्याला हाताला धरून नेलं. पायरीवर समोरासमोर उभे राहिले. तात्यानं रविराजच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, “मी घातलेली आण मी परत घेतली. देवा, पोराला मोकळं कर.” नारळ फुटला. रविराजनं खाली वाकून तात्याच्या पायाला हात लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाटक नव्हतं ते. पायांत घातलेली बेडी निघावी तसं त्याला झालं होतं.

उतरताना तात्या म्हणाला, “आता हितंच कुठंतरी विट्याला, सांगलीला भट्टी बघू तुझ्यासाठी. मी बोलतो सराफांना.”

“हितं कशाला? शुक्रवारी माझं विमान हाय.”

“भट्टीवर पृथ्वी गेलाय,” तात्या म्हणाला. “परवाच पोचला. परवान्याचे कागद त्याच्या नावानं झाल्यात. तिथल्या भागीदाराला मीच कळवलं, की पुतण्या आता गावाकडंच राहणार, लगीन करणार म्हणून.”

रविराज वाटेतच थांबला.

“तात्या, मी आण सोडवायला आलतो.”

“मग सोडवली न्हवं? आता तक्रार कसली?”

“मैदानात जायला सोडवायची हुती.”

“मी कुठं आडवलंय? जा की मैदानात. कुठल्या बी मैदानात जा.” तात्याला खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबून तो हळू आवाजात म्हणाला, “रव्या, भट्टी माझी हाय. पोरगं माझं हाय. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

यात लबाडी होती आणि यात खोटंही काही नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. भट्टी तात्याची होती. आण त्यानं रीतसर सोडवली होती. बोलावताना त्यानं एकही शब्द असा उच्चारला नव्हता की जो पायरीवर खोटा ठरेल. रविराजच्या रागाला धरायला काही टोकच सापडेना.

घरी आल्यावर तानुबाई चुलीपुढं बसली होती. रविराजनं सांगायला सुरुवात केली, “आये, तात्यानं पृथ्वीला…” आणि तिच्या तोंडाकडं बघून थांबला. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

“तुला ठावं हुतं?”

ती भाकरी थापत राहिली.

“आये, मी फोन केला तवा ठावं हुतं?”

“व्हय. पृथ्वीचा पासपोर्ट आला त्या दिशीच ठावं झालतं.”

“आणि तरी ये म्हणालीस?”

“तुझा बाप मेंढरामागं गेला तो माघारी आला न्हाई,” तानुबाई म्हणाली. “तू समुद्राच्या पल्याड. मी सांगितलं असतं तर तू आला असतास का?”

तो नसता आला. याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी घरात भाकरी शिळी झाली.

रामसरननं जानेवारीपर्यंत खरोखर जागा धरून ठेवली होती. फेब्रुवारीत त्याचा एक संदेश आला, त्या वेळी मोबाईलवर येत तसा दोन ओळींचा, की आता दुसरा घेतला. रविराजनं वर्षभर दुसऱ्या मार्गानं परत जायचे प्रयत्न केले. पण परवान्यासाठी तिथला कोणी मालक लागतो आणि भट्टीशिवाय त्याला तिथं कोणी मालक नव्हता. मग लग्न झालं. बायको राणी, शेजारच्या गावची, समजूतदार. माधवनगरला भट्टी झाली. सुरुवातीला विश्रामबागेच्या एका संघानं त्याला रविवारी खेळायला बोलावलं. तो एकदा गेला. धावत आला, चेंडू टाकला, फलंदाजाची दांडी उडाली. सगळे टाळ्या वाजवत असताना तो तसाच कडेला गेला, बूट काढले आणि परत कधी गेला नाही. का, ते राणीनं एकदा विचारलं. तो म्हणाला, “तिथं टाकायला हात ठिवला हुता. हितं खर्च करून काय करू?” नंतर हाताचं काय झालं ते वयानं ठरवलं.

धुळा तात्या चार वर्षांपूर्वी वारला. रविराजनं खांदा दिला. लोक म्हणाले, पुतण्या असावा तर असा.

आणि गेल्या दिवाळीत पृथ्वीराज माधवनगरच्या शेडमध्ये आला. अंगानं सुटलेला, केस पातळ झालेले, पण स्वभावानं बापासारखा नव्हता, सरळ होता. खुर्चीत बसून त्यानं भट्टीकडं बघितलं.

“दादा, मी येतोय परत. कायमचा. तिथं आता मशिनीवर सगळं होतंय, आणि मला तसंही ते गाव मानवलंच नाही.”

“इतकी वर्षं राहिलास की.”

“राहिलो. अण्णांनी पाठवलं म्हणून राहिलो.” अण्णा म्हणजे धुळा तात्या. “परवान्याची अजून तीन वर्षं बाकी आहेत. भागीदार म्हणतोय, आपलाच कुणी येत असेल तर भट्टी त्याला देऊ. तुम्ही जाता का?”

रविराज सांडशी पुसत होता. पुसत राहिला. मग त्यानं विचारलं, “पृथ्वी, मैदानात गेलास का कधी?”

“ओव्हलवर? एकदा. भागीदाराच्या पोरीच्या लग्नाचं जेवण होतं आतल्या हॉलात.” त्यानं आठवून बघितलं. “क्रिकेटला नाही गेलो. मला कुठं कळतंय त्यातलं. मॅच असली की उलट वैताग; आपल्या दारात गाड्या लावतात, दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नाही.”

“हॉलातनं मैदान दिसतं?”

“काचेतनं दिसत असेल. रात्रीचं होतं दादा, अंधार होता.”

रविराज हसला. असं हसणं त्याच्या तोंडावर पृथ्वीराजनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो घाबरून म्हणाला, “अण्णांनी तुमच्यावर अन्याय केला, मला माहीत आहे. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आधी तुमच्याकडं आलो. जा तुम्ही. आता आण तर नाही ना काही?”

“आण न्हाई.”

“मग?”

“आता मला आत सोडून काय करतील? तिकीट काढून बसवतील.” रविराजनं सांडशी खुंटीला लावली. “तिकिटाचा गडी न्हवतो मी. लोकांनी तिकीट काढून मला बघावं, असा हुतो. खरंच हुतो का न्हाई, ते बी आता कुणाला ठावं. त्या म्हाताऱ्यानं बारा चेंडू बघितले, तेवढाच पुरावा. तो बी मेला असंल.”

पृथ्वीराज चहा न घेता गेला.

रविवारी रविराज नेहमीप्रमाणं आईच्या गोळ्या घेऊन मोटेवस्तीवर गेला. महिन्यातून एकदा तो जातो, औषधं ठेवतो, जेवतो आणि परत येतो. बोलणं जुजबी असतं. पाऊस, बाग, कुणाचं लग्न. तानुबाई आता वाकली आहे, पण कान शाबूत आहेत. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

“पृथ्वी आलता म्हणं तुझ्याकडं.”

“व्हय.”

“भट्टी देतो म्हणाला?”

“म्हणाला.”

तिनं ताटात कालवण वाढलं. मग पदराला हात पुसत, त्याच्याकडं न बघता विचारलं, “जायाचं हाय का तुला?”

इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. रविराजनं घास खाली ठेवला.

“आता तू जा म्हणतीस व्हय?”

तानुबाईनं खूप विचार केला. खोटं बोलायची संधी होती, आणि त्या एका खोट्यानं दोघांचंही काहीतरी सुटलं असतं.

“न्हाई म्हणत,” ती म्हणाली.

रविराजनं मान हलवली आणि जेवायला लागला. जेवण झाल्यावर त्यानं गोळ्या कोणत्या वेळी कोणती घ्यायची ते तिला पुन्हा एकदा नीट सांगितलं, आणि पाचच्या एसटीनं माधवनगरला परत गेला.